जिवाणू केव्हा आले? मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पुराव्याचा आढावा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तिथल्या जिवाणूंचा हात असतो का, असे विचारले तर या क्षेत्रातले बहुतेक संशोधक आज होकारार्थी मान हलवतील. पण हा हात नेमका केव्हा लागतो, असे विचारले की उत्तरे फाटे फुटल्यासारखी वेगवेगळ्या दिशांना जातात. गेल्या पंधरा वर्षांत या विषयावर शोधनिबंधांचा पूर आला आहे. त्यातून निघालेल्या बातम्या आपण वाचतो: अमुक जिवाणू कर्करोग करतो, तमुक जिवाणू त्यापासून वाचवतो, शौचाच्या तपासणीतून आता कर्करोग आधीच ओळखता येणार. प्रश्न साधा नाही, कारण आजार मोठा आहे. २०२२ साली जगभरात मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. आजवरचा बराचसा पुरावा ‘कोणता जिवाणू’ या प्रश्नाभोवती रचला गेला आहे. तोच पुरावा ‘केव्हा’ या प्रश्नाभोवती रचला, तर एकमेकांना छेद देणारे वाटणारे अनेक निष्कर्ष जुळून येतात, आणि कोणता निष्कर्ष किती वजनाचा हेही कळते, असे माझे म्हणणे आहे.

या विषयाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीची गोष्ट असते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली हा जिवाणू जठराच्या नमुन्यांतून वाढवून दाखवला. अल्सरचे कारण मानसिक ताण नसून हा जंतू आहे, हे त्यांनी वैद्यकाला पटवले. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. एक जंतू, एक आजार, एक औषधोपचार, असा हा सरळ हिशेब होता. मोठ्या आतड्यातही असाच एखादा गुन्हेगार सापडेल, ही आशा त्यातून आली आणि तिने संशोधनाला जशी गती दिली तशी चुकीची दिशाही दिली. जठर आम्लाने भरलेले असते, तिथे टिकून राहणारे जिवाणू मोजकेच. मोठ्या आतड्यातली परिस्थिती अगदी उलटी आहे. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, आणि त्यांतले जवळपास सगळे मोठ्या आतड्यात. शेकडो जातींच्या या वस्तीत एकच दोषी शोधायचा, तोही गाठ दिसल्यानंतर, हे काम मुळातच वेगळ्या प्रकारचे आहे.

संशय तसा जुना आहे. हृदयाच्या झडपेला जिवाणूसंसर्ग झालेल्या रुग्णाच्या आतड्यात गाठही आढळल्याची नोंद १९५१ सालीच झाली होती. १९७७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाने त्याला आकड्यांचा आधार दिला. तेव्हा स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस या नावाने ओळखला जाणारा जिवाणू मोठ्या आतड्याचा कर्करोग असलेल्या ६३ पैकी ३५ रुग्णांच्या शौचात सापडला, तर तुलनेसाठी घेतलेल्या १०५ जणांपैकी केवळ ११ जणांच्या. तेव्हापासून हा जिवाणू एखाद्याच्या रक्तात सापडला की डॉक्टर त्याच्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण या सल्ल्यामागे जिवाणूने गाठ केली असे गृहीत धरण्याची गरज नाही. गाठीमुळे अस्तर फाटले आणि त्या फटीतून जिवाणू रक्तात शिरला, असे मानले तरी सल्ला तोच राहतो. निदानासाठी दोन्ही शक्यता सारख्याच उपयोगी. प्रतिबंधाच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्या गोष्टीने गाठ ओळखता येते ती गोष्ट काढून टाकल्याने गाठ टळेलच असे नाही. हा फरक पुढच्या जवळजवळ प्रत्येक शोधाच्या वेळी विसरला गेला.

सर्वांत गाजलेला शोध फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटमचा. हा जिवाणू मूळचा तोंडातला, हिरड्यांच्या आजारांत दंतवैद्यांच्या ओळखीचा. २०११ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरचा एक गट आणि अमेरिकेतल्या बोस्टनचा दुसरा गट यांना एकाच सुमारास तो मोठ्या आतड्याच्या गाठींत भरपूर प्रमाणात आढळला. शेजारच्या निरोगी अस्तरात तो फारसा नव्हता. मग तो तिथे काय करतो याचा शोध सुरू झाला आणि त्याची हत्यारे एकेक करून हाती लागली. फॅड-ए नावाच्या प्रथिनाने तो आतड्याच्या पेशींना चिकटतो आणि त्यांच्यात वाढीचा संदेश चालू करतो. फॅप-२ या दुसऱ्या प्रथिनाने तो गाठीच्या पेशींवरची एक विशिष्ट साखर ओळखतो, आणि कर्कपेशी मारायला आलेल्या रोगप्रतिकारक पेशींना निष्क्रियही करतो. २०१७ साली बोस्टनच्या संशोधकांनी दाखवले की यकृतात पसरलेल्या गाठींतही मूळ गाठीतलाच फ्युजोबॅक्टेरियम असतो. आणि अशा गाठी उंदरांत वाढवून त्यांना मेट्रोनिडॅझोल हे नेहमीचे अँटिबायोटिक दिले तर गाठींची वाढ मंदावते. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासाने या जिवाणूमुळे कर्कपेशी केमोथेरपीला दाद देईनाशा होतात, असे मांडले. इतका पुरावा जमल्यावर ‘कर्करोग करणारा जिवाणू सापडला’ असे मथळे आले तर नवल नाही.

पण हा सगळा पुरावा काळाच्या रेषेवर ठेवून पाहा. मोठ्या आतड्याचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. अस्तरातल्या एका पेशीत बहुधा एपीसी नावाच्या जनुकात पहिला बिघाड होतो, त्यातून लहानसा कोंब म्हणजे पॉलिप उगवतो, त्यात नवे बिघाड साचत जातात, आणि साधारण दहा ते पंधरा वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, त्याचा कर्करोग होतो. आपण फ्युजोबॅक्टेरियम मोजतो तो या प्रवासाच्या शेवटच्या मुक्कामावर. गाठ एव्हाना प्राणवायू कमी असलेली, फुटकी, रक्ताळलेली जागा झालेली असते. प्राणवायू नको असणाऱ्या तोंडातल्या जिवाणूला ती आवडावी यात आश्चर्य नाही. नेदरलँड्सच्या काही संशोधकांनी २०१२ सालीच हा भेद मांडला होता: काही जिवाणू गाठ सुरू करणारे, काही नंतर येऊन तिथे राहणारे. २०२४ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठाच्या गटाने ५८९ जणांचे नमुने तपासताना तीन गोष्टी हिशेबात घेतल्या: अन्न आतड्यातून किती वेळात पुढे सरकते, आतड्यात सूज किती आहे, आणि माणसाचे वजन किती. या तीन गोष्टी धरल्यावर फ्युजोबॅक्टेरियम आणि कर्करोगाची अवस्था यांच्यातला संबंध जवळपास नाहीसा झाला. पार्विमोनास मायक्रासारखे काही दुसरे जिवाणू मात्र टिकून राहिले. दहा वर्षे ज्याच्यामागे सगळे धावले त्याच्याबद्दलचा हा निकाल पचायला जड आहे, पण तो गांभीर्याने घ्यायला हवा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. फ्युजोबॅक्टेरियम ही एक जात नसून वेगवेगळ्या स्वभावांच्या वाणांचा समूह आहे. सगळ्यांना एकत्र मोजले तर खरा दोषी गर्दीत हरवतो. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातल्या संशोधकांनी २०२४ सालीच हे दाखवले. गाठींतून मिळालेले फ्युजोबॅक्टेरियमचे वाण आणि कर्करोग नसलेल्या माणसांच्या तोंडातले वाण यांची जनुके त्यांनी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा गाठींत मुख्यतः एकच उपशाखा आढळली. तिच्यात जठराचे आम्ल सोसून पुढे जाण्याची सोय आहे, आणि तपासलेल्या गाठींपैकी सुमारे निम्म्या गाठींत ती होती. हा शोध मोलाचा आहे. मात्र काळाचा प्रश्न त्यानेही सुटत नाही, कारण ही उपशाखाही सापडली ती तयार गाठीतच. फ्युजोबॅक्टेरियमने रोग सुरू केला याचा माणसातला पुरावा अजून कच्चा आहे. तो सुरू झालेल्या रोगाला पोसतो, त्याला प्रतिकारशक्तीपासून लपवतो आणि औषधाला निबर करतो याचा पुरावा भक्कम होत चालला आहे. म्हणजे त्याचे महत्त्व उपचारात आहे. प्रतिबंधासाठी त्याच्याकडे पाहणे ही दिशाभूल ठरेल.

रोग सुरू करणाऱ्याचा माग मात्र दुसरीकडे लागला आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत पक्का पुरावा तोच आहे. ई. कोलाय हा आतड्यातला सर्वपरिचित जिवाणू. २००६ साली फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी दाखवले की त्याच्या काही वाणांत जनुकांचा एक वेगळा पट्टा असतो आणि त्याच्या मदतीने ते कोलिबॅक्टिन नावाचे एक रसायन तयार करतात. हे रसायन इतके अस्थिर की कित्येक वर्षे ते शुद्ध स्वरूपात कुणाच्या हाती लागले नाही. ते आपल्या डीएनएच्या दोन्ही धाग्यांना एकाच वेळी चिकटते आणि त्यांना एकमेकांशी जखडून टाकते. २०१२ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगाने त्याचे वजन दाखवले. आतड्याला सूज येण्याची प्रवृत्ती असलेल्या उंदरांना कोलिबॅक्टिन करणारे ई. कोलाय दिले, तेव्हा त्यांच्यात गाठी झाल्या, त्याच ई. कोलायमधला तो जनुकांचा पट्टा कापून टाकला तेव्हा सूज तेवढीच राहिली, पण गाठी कमी झाल्या. या प्रयोगाचे सौंदर्य असे की सूज आणि विष यांची जबाबदारी त्याने वेगळी करून दाखवली.

तरीही हा पुरावा उंदरांचाच राहिला असता. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २०२० साली माणसाच्या निरोगी आतड्याच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या सूक्ष्म आतड्यांत हे ई. कोलाय पुन्हापुन्हा सोडले, पाच महिने. मग त्या पेशींचा डीएनए वाचला. त्यात बिघाडांचा एक ठरावीक नमुना होता: ठरावीक अक्षरांच्या शेजारी, ठरावीक प्रकारची चूक. तोच नमुना त्यांनी माणसांच्या ५,८७६ कर्करोगांच्या जनुकसंचांत शोधला आणि तो मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कर्करोगांत सापडला. ओल्या सिमेंटवर उमटलेले पाऊल माणूस निघून गेल्यावरही तसेच राहते, तसा हा ठसा आहे. जिवाणू आज आतड्यात असो वा नसो, तो कधीतरी तिथे होता आणि त्याने पेशीच्या डीएनएला हात लावला होता हे त्यावरून वाचता येते. शौचातल्या जिवाणूंची यादी आजची परिस्थिती सांगते, डीएनएवरचा ठसा इतिहास सांगतो. वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या आजाराच्या कारणाचा शोध घेताना इतिहासच हवा असतो.

हा इतिहास किती मागे जातो, याचे उत्तर धक्कादायक आहे. २०१९ साली इंग्लंडमध्ये निरोगी आतड्याच्या अस्तराच्या बारीक भागांचे जनुकवाचन झाले तेव्हा काही माणसांत हाच नमुना आढळला, आणि तो त्यांच्या बालपणीच उमटला असावा असे पेशींच्या वंशावळीवरून दिसले. एप्रिल २०२५ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठींचे जनुकसंच वाचले गेले. कोलिबॅक्टिनचा ठसा सत्तरीपुढच्या रुग्णांपेक्षा चाळिशीच्या आत निदान झालेल्या रुग्णांत ३.३ पट अधिक आढळला, आणि एपीसी जनुकातल्या रोग सुरू करणाऱ्या काही बिघाडांवरही त्याची छाप होती. हा निष्कर्ष एका जुन्या कोड्याला भिडतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत पन्नाशीच्या आतल्या माणसांत हा कर्करोग वाढतो आहे. अमेरिकेच्या नोंदींवरून २०१७ साली काढलेल्या अंदाजानुसार १९९०च्या सुमारास जन्मलेल्यांना, १९५०च्या सुमारास जन्मलेल्यांच्या तुलनेत, त्याच वयात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट आहे. धोका जेव्हा जन्मवर्षाबरोबर वाढत जातो, तेव्हा कारण आयुष्याच्या सुरुवातीकडे शोधावे लागते. पाचव्या-सहाव्या वर्षी झालेला बिघाड चाळिशीच्या आत गाठ होऊन समोर येतो, हे गणित जुळते.

या टप्प्यावर तीन आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. पहिला असा की कोलिबॅक्टिन करणारे ई. कोलाय अनेक निरोगी माणसांत असतात. मघाशी सांगितलेल्या २०१२च्या अमेरिकी अभ्यासातच ते कर्करोगाच्या दोनतृतीयांश रुग्णांत होते, तसे कर्करोग किंवा आतड्याचा दाह नसलेल्यांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यातही होते. पण हेलिकोबॅक्टर जगातल्या सुमारे निम्म्या लोकांच्या जठरात असतो आणि त्यांतल्या थोड्यांनाच कर्करोग होतो. त्यामुळे कुणी त्याला निर्दोष ठरवलेले नाही. दुसरा आक्षेप नशिबाचा. २०१५ साली क्रिस्टियन टोमासेटी आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी दाखवले होते की ज्या अवयवाच्या मूळपेशी अधिक वेळा विभागतात तिथे कर्करोग अधिक होतो. लहान आतडे कित्येक पट लांब असूनही तिथे कर्करोग विरळा, कारण तिथल्या मूळपेशींचे विभाजन तुलनेने कमी. जिवाणू मध्ये आणायचेच कशाला? उत्तर असे की विभाजनाच्या वेळी होणाऱ्या यदृच्छ चुकांना स्वतःचा वेगळा नमुना असतो आणि कोलिबॅक्टिनच्या चुकांना वेगळा. दोन्ही एकाच पेशीत वाचता येतात, आणि एक असल्याने दुसरा खोटा ठरत नाही. शिवाय पेशींनी किती वेळा विभागायचे हेही आतड्यातल्या रसायनांवर काही अंशी ठरते. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: हा ठसा असलेले कर्करोग एकूणातला एक भागच आहेत, मग बाकीच्यांचे काय? आक्षेपकाचे हे म्हणणे मी मान्य करतो. कोलिबॅक्टिन हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे एकमेव कारण नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांनी हेलिकोबॅक्टरचीच चूक पुन्हा केली आहे.

जिवाणू कधी एकटे नसतात, हेही इथे सांगायला हवे. एपीसीचा बिघाड जन्मतःच घेऊन आलेल्या, तरुणपणीच आतड्यात शेकडो पॉलिप होणाऱ्या रुग्णांचे अस्तर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सिंथिया सिअर्स यांच्या गटाने तपासले. २०१८ साली त्यांनी मांडले की तिथे जिवाणूंचे दाट थर श्लेष्मा भेदून अस्तराला चिकटलेले असतात, आणि त्यांत कोलिबॅक्टिन करणारे ई. कोलाय आणि विष सोडणारा बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस हे दोघे जोडीने राहतात. उंदरांत ही जोडी एकेकट्यापेक्षा जास्त घातक ठरली. फ्रॅजिलिस श्लेष्मा खाऊन वाट मोकळी करतो आणि सूज आणतो, ई. कोलाय त्या वाटेने पेशीपर्यंत पोचून डीएनए बिघडवतो. कोलिबॅक्टिनला काम करायला पेशीच्या अगदी जवळ असावे लागते, म्हणून हा श्लेष्म्याचा पडदा निर्णायक आहे. निरोगी मोठ्या आतड्यात श्लेष्म्याचे दोन थर असतात आणि आतला थर जवळपास जिवाणूविरहित असतो. तो थर टिकतो का, हा प्रश्न आपल्याला थेट ताटाकडे नेतो.

आहाराचा धागा सर्वांत जुना आहे आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. युगांडात काम केलेले डेनिस बर्किट यांनी १९७१ साली मांडले की आफ्रिकेच्या खेड्यांत हा कर्करोग विरळा आहे, कारण तिथल्या जेवणात चोथा भरपूर आहे. त्यावर बरीच टीका झाली. पण २०१५ साली स्टीफन ओ’कीफ यांच्या गटाने केलेला प्रयोग फारच बोलका होता. ज्यांच्यात या कर्करोगाचे प्रमाण लाखात साधारण ६५ आहे अशा आफ्रिकन-अमेरिकन समाजातल्या २० जणांना, आणि ज्यांच्यात ते लाखात ५ पेक्षा कमी आहे अशा दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातल्या २० जणांना, एकमेकांचा आहार दोन आठवडे दिला. अमेरिकन लोकांनी चोथ्याचे आणि कमी चरबीचे आफ्रिकी जेवण घेतल्यावर त्यांच्या आतड्यात जिवाणूंनी केलेले ब्युटिरेट अडीच पट झाले आणि कर्करोगाला पोषक मानली जाणारी दुय्यम पित्ताम्ले ७० टक्क्यांनी घटली. खेड्यातल्या माणसांत याच्या उलट घडले. अस्तरातल्या पेशींची वाढ आणि सूज यांच्या खुणाही त्याच दिशेने बदलल्या. ब्युटिरेट हे अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन, आणि ते आपण खात नाही. चोथा जिवाणू खातात तेव्हा ते तयार होते. चोथा मिळाला नाही की जिवाणू श्लेष्माच खाऊ लागतात आणि पडदा पातळ होतो, हे २०१६ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसले आहे. म्हणजे ज्या आहाराने जिवाणूंची उपासमार होते तोच आहार कोलिबॅक्टिनला पेशीपर्यंत जायला वाट करून देत असावा. चरबीने येणाऱ्या पित्ताचे काही जिवाणू घातक पित्ताम्लांत रूपांतर करतात, तो धोका वेगळा.

इथे आहारावर संशय घेणारे एक जुने हत्यार बाहेर काढतात. २००० साली अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: पॉलिप काढून टाकलेल्या माणसांना काही वर्षे चोथ्याचा आहार किंवा गव्हाचा कोंडा दिला तरी पॉलिप पुन्हा येण्याचे प्रमाण घटले नाही. मग चोथ्याची कथा संपली, असे अनेकांनी मानले. मला ते पटत नाही, कारण चाचणी झाली ती तीन-चार वर्षांची, मध्यमवयीन माणसांवर, ज्यांच्या अस्तरात पॉलिपची सुरुवात आधीच झालेली होती. वर्षानुवर्षे चालणाऱ्या प्रक्रियेच्या मधल्या टप्प्यावर चार वर्षे हात घातला आणि काही दिसले नाही, यावरून सुरुवातीच्या टप्प्याबद्दल काहीच ठरत नाही. युरोपातल्या दहा देशांत पाच लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या एपिक अभ्यासात २००३ साली चोथा जास्त खाणाऱ्यांत हा कर्करोग कमी आढळला. २०१७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी आणखी पुढचे पाऊल टाकले: भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये असा आहार घेणाऱ्यांत फ्युजोबॅक्टेरियम असलेल्या गाठींचा धोका कमी होता, तो नसलेल्या गाठींच्या बाबतीत मात्र आहाराचा असा फरक दिसला नाही. आहार आणि जिवाणू यांचा संबंध एकाच अभ्यासात असा जोडलेला फार क्वचित सापडतो.

आता या विज्ञानाचा बाजार. आतड्यातल्या जिवाणूंची यादी करून देणाऱ्या, ‘आतड्याचे आरोग्य’ गुणांत सांगणाऱ्या चाचण्या आज आपल्याकडेही विकल्या जातात, आणि दह्याच्या पेयापासून कॅप्सूलपर्यंत प्रोबायोटिकची रेलचेल आहे. वरचा युक्तिवाद खरा असेल तर या चाचण्या चुकीच्या क्षणाचे चित्र दाखवतात. आजच्या यादीवरून तीस वर्षांपूर्वीचा बिघाड वाचता येत नाही. प्रोबायोटिकबद्दल तर एक वस्तुस्थिती डोळ्यांत अंजन घालणारी आहे. जर्मन वैद्य आल्फ्रेड निस्ल यांनी १९१७ साली एका सैनिकाच्या आतड्यातून वेगळा केलेला ई. कोलायचा वाण आजही काही देशांत औषध म्हणून वापरला जातो, आणि त्याच्यातही कोलिबॅक्टिनच्या जनुकांचा पट्टा आहे. तो घेणाऱ्यांना कर्करोग होतो असा पुरावा नाही. पण ‘चांगला जिवाणू’ आणि ‘वाईट जिवाणू’ अशी वाटणी किती उथळ आहे हे त्यावरून कळते. मग अँटिबायोटिकने सगळे साफ करावे का? स्वीडनमध्ये सुमारे ४०,००० रुग्णांच्या नोंदींवर २०२१ साली झालेल्या अभ्यासात अँटिबायोटिक एकूण सहा महिन्यांहून अधिक काळ घेतलेल्यांत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. तरी सरसकट जिवाणू मारण्याची कल्पना सोडून द्यायला तो पुरेसा आहे.

आपल्या देशासाठी या सगळ्याचा अर्थ काय, हे विचारायला हवे, कारण आपले आतडे पाश्चात्त्य अभ्यासांतल्या आतड्यासारखे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासह देशातल्या अनेक गटांनी केलेल्या अभ्यासांत भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला या वनस्पतिजन्य आहाराशी जोडलेल्या जिवाणूचे प्राबल्य दिसले आहे. भोपाळच्या आयसर संस्थेने २०१९ साली भोपाळ आणि केरळमधले ३० कर्करुग्ण आणि ३० निरोगी माणसे यांची तुलना केली, तेव्हा रुग्णांत फ्लॅव्होनिफ्रॅक्टर प्लॉटिआय हा जिवाणू ठळकपणे पुढे आला. फळे, भाज्या, चहा यांतली फ्लॅव्होनॉइड द्रव्ये तो मोडून टाकतो. साठ माणसांच्या अभ्यासावर फार मोठे बांधकाम करू नये, पण परदेशी याद्या इथे जशाच्या तशा चालणार नाहीत एवढे त्यातून दिसते. भारतात या कर्करोगाचे एकूण प्रमाण पाश्चात्त्य देशांहून पुष्कळ कमी आहे. तरीही मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या ८०० रुग्णांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात सरासरी वय ४७च्या आसपास होते. लोकसंख्याच तरुण असल्याने आणि बिकट रुग्ण मोठ्या रुग्णालयात येत असल्याने हा आकडा काही प्रमाणात खाली येतो, हे मान्य. पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. शिवाय तरुण माणसाच्या शौचातून रक्त गेले की मूळव्याध समजून महिनोन्‌महिने चूर्ण आणि मलम चालते, आणि निदान होते तोवर गाठ पसरलेली असते. जिवाणूंबद्दलचे कोणतेही ज्ञान आज त्या रुग्णाच्या कामाचे नाही. शौचातले छुपे रक्त शोधणारी साधी तपासणी आणि दुर्बिणीने पॉलिप काढून टाकणे, हीच दोन साधने आज खरोखर जीव वाचवतात.

कोलिबॅक्टिनचा ठसा शोधणाऱ्या २०२५च्या त्या अभ्यासातल्या ११ देशांत भारत नव्हता. आपल्याकडच्या तरुण रुग्णांच्या गाठींत तो ठसा किती आहे, हे शोधायला नवे रुग्ण वर्षानुवर्षे गोळा करण्याची गरज नाही. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर काढलेल्या गाठी मेणात जपून ठेवलेल्या असतात, आणि जनुकवाचनाची यंत्रे पुणे, मुंबई, हैदराबाद येथे आहेत. चाळिशीच्या आतल्या आणि साठीपुढच्या रुग्णांच्या अशा गाठी शेजारी ठेवून वाचल्या, तर पुढचा रस्ता दोन बाजूंपैकी कुठे वळतो ते कळेल. तरुणांत ठसा जास्त निघाला तर लक्ष लहान मुलांच्या आतड्याकडे, त्यांना मिळणाऱ्या अँटिबायोटिककडे आणि त्यांच्या डब्यातल्या चोथ्याकडे वळवावे लागेल. तो नगण्य निघाला तर इथल्या तरुणांच्या कर्करोगाचे कारण दुसरेच आहे असे म्हणावे लागेल, आणि बालपणीच्या जिवाणूंबद्दल मी वर जे मांडले आहे ते भारतापुरते मागे घ्यावे लागेल.